शैलाच्या नावाचा शिक्का

मी अकोल्याहून परत आले तेव्हा माझ्या आईचं नाव बदललेलं होतं. मी गेले तेव्हा ती 'कमलची माय' होती. थोरली मी, म्हणून नळावरच्या बाया तिला तशीच हाक मारायच्या आणि बाबाही तसंच म्हणायचे. तीन वर्षांनी टांग्यातून उतरून मी ट्रंक ओट्यावर ठेवली, आणि समोरच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "वो शैलाची माय, तुही मोठी आली पाय!" आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, रडलीही थोडी. पण माझ्या कानात ते 'शैलाची माय'च वाजत होतं. तिच्या मागून शैला आली, माझी धाकटी बहीण. मी गेले तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. आता दोन वेण्या, वेण्यांना लाल फिती, आणि दारात अशी उभी की घर तिचं आणि पाहुणी मी.

आई छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली तेव्हा मी आठ वर्षांची होते. अकोल्याच्या मावशीला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, एक पोरगी मी नेते. शैला कोणाच्या कडेवर जाईना, आणि मी शहाणी, म्हणून मी गेले. आई वर्षभरात उठून कामाला लागली, पण मला परत आणायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. मग मावशीला लेकरू झालं, मुलगा, आणि महिन्याभरात मौसाजींनी मला अमरावतीला आणून सोडलं. शहाणं असण्याचा मला आयुष्यात कधी फायदा झाल्याचं आठवत नाही.

त्या तीन वर्षांत बाबांनी छापखान्यातलं बांधणीचं काम सोडून घरीच वह्या करायला घेतल्या होत्या. पुढच्या खोलीत कागदाची रिमं छातीइतकी रचलेली. शेगडीवर मैद्याची खळ शिजायची, तिच्यात कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तो निळसर, आंबूस वास आमच्या केसांत, चादरींत, भाकरीतसुद्धा असायचा. आई भिंतीला टेकून कागदाचे जुडगे शिवायची. सुई कागदातून जाताना टच्च, मग दोऱ्याची सर्र. बाबा पुठ्ठ्यावर खाकी कागद चढवायचे आणि हाडाच्या पट्टीनं घासायचे. दुपारी काम थांबलं की पितळीत ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. जेवून झालं की शेवटचं काम: प्रत्येक वहीवर शिक्का. रबराचा, लाकडी मुठीचा. जांभळ्या शाईच्या गादीवर दाबायचा, पुठ्ठ्यावर ठेवायचा, तळव्याचा भार द्यायचा. उचलला की खाली मोठ्या अक्षरात 'शैला' आणि त्याखाली बारीक 'अमरावती'.

हे काम माझ्याकडे आलं. माझा हात स्थिर होता, आणि शैला लहान. ती कागदाच्या कातरणांच्या ढिगात लोळत पाढे म्हणायची, आणि मी दिवसातून शे-दोनशे वेळा तिचं नाव उमटवायची.

शाळेत गेले तर तिथंही तीच. बाबांच्या वह्या स्वस्त आणि मजबूत, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या पोरींच्या दप्तरात त्याच. बाई म्हणायच्या, वह्या काढा, आणि बाकाबाकावर माझी बहीण निघायची. पोरी मला विचारत, "शैला तुही बहीण ना? मंग तुह्या नावाची वही कोणती?" मी म्हणायची, "येऊन राहिली." कुठून येऊन राहिली होती, देव जाणे.

त्या शिक्क्याचं एक बरं होतं, तो टिकत नसे. बाबा बाजारातल्या नव्या दुकानातून शिक्का आणायचे. खरबरीत खाकी कागदावर आदळून आदळून त्याच्या कडा दोन महिन्यांत बोथट व्हायच्या, आणि सगळ्यात आधी जायच्या त्या 'शै'वरच्या दोन मात्रा. एक मात्रा तुटली की 'शेला' व्हायचं. दुसरी गेली की 'शला'. मी रोज बघायची. मात्रेचं टोक जरा फिकं उमटलं तरी माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. आज हे लिहिताना ओशाळायला हवं, पण तितकंसं वाटत नाही. त्या वयात मला तेवढंच सुख होतं.

बाबा मात्र हैराण झाले. चांदूर रेल्वेच्या एका दुकानदारानं वही हातात धरून त्यांना विचारलं होतं, "शला म्हंजे काय जी?" तेव्हापासून ते जो भेटेल त्याला विचारायचे, टिकाऊ शिक्का कुठं मिळतो? कोणी म्हणे नागपूरला, कोणी म्हणे पितळेचा करा. शेवटी कागदवाल्यानं सांगितलं की अकोल्यात कापूस बाजाराच्या मागं नजीरचाचा म्हणून एक म्हातारे आहेत, जुन्या पद्धतीनं करतात. जिनिंगवाले कापसाच्या गठाणींवर त्यांचाच ठप्पा मारतात. दहा-दहा वर्षं झाली तरी अक्षर हलत नाही. बाबा घरी येऊन म्हणाले, "कमलले संग नेतो. तिले त्या गल्ल्या माईत हायेत." शैला रडली, तिलाही आगगाडीत बसायचं होतं. बाबा तिला "तू लहान हायेस" म्हणाले. मी त्या तीन शब्दांवर बडनेऱ्यापर्यंत तरंगत गेले.

अकोल्याला उतरून आधी मावशीकडे जेवायला गेलो. मावशीनं गोळाभात केला होता, माझ्या आवडीचा. पण पहिला घास घेते तोच आतून बाळ रडलं आणि ती हातातलं तेल तसंच ठेवून धावली. ज्या खाटेवर मी तीन वर्षं मावशीच्या कुशीत झोपले होते, तिच्याच वर आता पाळणा टांगला होता. मी भात कोरडाच खाल्ला. मावशी बाळाला घेऊन आली आणि कौतुकानं म्हणाली, "पाय रे, कोण आलं! अमरावतीची पाहुणी आली." या घरात पाहुणी, त्या घरातही पाहुणी.

नजीरचाचांचं दुकान म्हणजे एक फळी, एक बसकर आणि मागं अंधारी खोली. पांढरी दाढी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा, बोटांना पांढरी भुकटी. बाबांनी आमचा संपलेला, आता नावही वाचता न येणारा शिक्का पुढं केला. त्यांनी तो उलटा करून हुंगला.

"रॉकेलसे धोते क्या?"

"हो. शाई निघत नाई ना."

"मंग काय टिकीन ते? रबराले रॉकेल म्हंजे जहर हाय, भाऊ. फुगते, सडते." ते मधूनच वऱ्हाडी, मधूनच हिंदी बोलायचे. "और ये देखो, अक्षर कितना उथळा. नवीन लोग घाई करतात. मी छापखान्यासारखे अक्षरांचे खिळे जुळवतो, पिलास्टरात साचा घेतो, खोल साचा. मंग कच्चं रबर भट्टीत दाबून पकवतो. सागाची मूठ. साध्या पाण्यानं धुवा, उन्हात ठेवू नका, गादीवर पालथा सोडू नका. आपकी पोरगी बुढी होईन, पर ये ठप्पा नाही होणार."

बाबा इतके खूश झाले की त्यांनी तिथंच एका चिठ्ठीवर मजकूर खरडला. "कागदवाल्याकडून येतो. काही पुसलं तं सांगजो," असं मला म्हणून ते निघून गेले.

चाचांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. बाबांचं घाईचं अक्षर अर्धं मोडी असायचं. "ये मोडी अपने को नहीं आती बेटा. बोलके बता. क्या नाम डालना?" त्यांनी पाटी मांडीवर घेतली.

मी आधीपासून काही ठरवून गेले नव्हते. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला अनेकदा सांगितलंय, आणि ते खरंच आहे. पण बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "कमल."

त्यांनी पाटीवर सुबक लिहिलं. 'कमल'. खाली 'अमरावती'. पाटी माझ्याकडे वळवली. "देख, बराबर?"

तेव्हा तरी मागं फिरता आलं असतं. मी पाटीकडे नीट पाहिलं, एकेका अक्षरावरून नजर फिरवली आणि म्हटलं, "बराबर."

"अच्छा नाम है," ते हसले. "न काना, न मात्रा. तुटायले काहीच नाई."

हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावत होते की मी बाबांचंच काम सोपं केलं. मात्राच नसतील तर तुटणार काय?

आठवड्याभरानं कागदवाल्याच्या माणसाबरोबर शिक्का आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शाळा उघडायला थोडे दिवस होते. जुना शिक्का पार गेला होता आणि धामणगाव-चांदूरच्या वह्यांचे गठ्ठे भिंतीशी वाट बघत होते. बाबांनी नवा शिक्का तळहातावर घेऊन वजन पाहिलं, गादीवर दाबला, वहीवर ठेवला, उचलला. जांभळी, काठोकाठ भरलेली अक्षरं. शैला दुसरीत होती, दिसेल ते मोठ्यानं वाचायची. "क, म, ल. कमल! ताई, तुहं नाव!" तिनं टाळ्या पिटल्या. बाबांनी शिक्का उलटा करून पाहिला, पुन्हा वहीकडे पाहिलं. आईची सुई थांबली होती. तिनं फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत शिवायला लागली. त्या नजरेनंतर मी आईशी दोन दिवस धड बोलू शकले नाही.

"म्हातारा चळला," बाबा म्हणाले. "चिठ्ठी देऊन बी असं करते. आता दुसरा करून आनेपावतर शाळा उघडतीन." थोडा वेळ डोकं खाजवून ते म्हणाले, "मारा हाच. वही तं तेच हाय."

ते दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांपैकी होते, हे मी लपवणार नाही. वही ओढायची, भार द्यायचा, उचलायचं. कमल. कमल. कमल. एकही फिकं नाही, एकही तिरकं नाही. सुकायला ओळीनं मांडलेल्या वह्यांच्या मधून मी पाय उचलून चालायची. शैलाला मी म्हटलं, "हात नको लावू, शाई ओली हाय." शिक्का हातात नव्हता तेव्हाही माझा तळवा तोच भार देत असायचा.

शाळा उघडून पंधरा दिवस झाले असतील. चांदूरचा गठ्ठा परत आला, सुतळीसुद्धा न सोडलेला, आणि सोबत पोस्टकार्ड. बाबांनी ते आईला वाचून दाखवलं. आमच्या गिऱ्हाइकाला शैला वही लागते, हा कमल छापाचा नकली माल आम्ही ठेवत नाही, आपण असे कराल असे वाटले नव्हते. चार दिवसांनी धामणगावचा गठ्ठाही तसाच आला.

नकली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. कमल म्हणजे शैलाची नक्कल. त्या दुकानदाराला आमचं घर माहीत नव्हतं, मी माहीत नव्हते, आणि तरी त्यानं नेमकं तेच लिहिलं जे मला टांग्यातून उतरल्या दिवसापासून वाटत होतं.

बाबांना राग सहसा येत नसे, पण आला की ते गप्प बसत. रविवारी ते म्हणाले, "चाल वं कमल. म्हाताऱ्यापुढं तूच सांग चिठ्ठीत काय होतं ते." या वेळी मी बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं नाही. बाबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत शिक्का. मी मनात म्हणत होते, दुकान बंद असू दे. म्हातारा आजारी असू दे. याहून वाईटही काही म्हटलं होतं.

दुकान उघडं होतं. बाबांनी शिक्का फळीवर आपटला. "चाचा, नाव सांगतलं काय अन् तुमी केलं काय! माह्या धंद्याची वाट लागली. दुकानदार मले नकली म्हणून राहिले."

नजीरचाचा चिडले नाहीत. मागच्या तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून त्यांनी आमची काढली आणि बाबांपुढं धरली. "यात काय लिहेल हाय ते तुमी सांगा. मोडी मले नाई येत. बच्चीने जो बोला, वो लिखा. पाटी बी दाखवली तिले." मग माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं, "क्यों बेटी? कमलच बोली होती ना तू?"

मला वाटलं होतं मोठी माणसं अशा वेळी लहानांना सांभाळून घेतात. चाचांनी घेतलं नाही. त्यांनी का घ्यावं? त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामावर बोट ठेवलं गेलं होतं. बाबा हळूहळू माझ्याकडे वळले.

"मीच सांगतलं," मी म्हटलं.

बाबांनी मला मारलं नाही. त्यांनी नजीरचाचांपुढं हात जोडले, "माफ करा, चाचा," म्हणाले. बाबांना कोणापुढं हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चाचांनी त्यांचे हात धरून खाली केले. "लेकरू हाय. जाने दो. नया बना देता. मूठ चांगली सागाची हाय, फेकायची काय? रबर काढतो, त्याच मुठीवर दुसरं लावतो."

त्यांनी पातळ सुरी घेतली आणि 'क'च्या बाजूनं कडेला घातली. रबर निघेना. त्यांनी जोर केला, सुरी सटकली. शेगडीवर गरम करून पुन्हा घातली. एक कोपरा उचकटला, त्यापुढं हलेना. ते स्वतःशीच हसायला लागले. "अपनाच काम है. ऐसा नहीं छोडता." मी श्वास धरून पाहत होते. मला ते निघायला हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू द्या, चाचा. दुसरी मूठ घ्या."

परतताना बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. बाबांनी शेंगदाण्याचा पुडा घेतला आणि आमच्या दोघांच्या मधे ठेवला. बराच वेळ त्याला कोणी हात लावला नाही.

"काहून केलं असं?" बाबांनी विचारलं.

"शैलाचंच नाव काहून दिलं? मी मोठी होती ना."

बाबांनी विचार केला. ते खोटं बोलू शकले असते. एखादं गोड कारण सांगितलं असतं तर मी ते जन्मभर जपलं असतं. ते म्हणाले, "तू घरी नव्हती ना, बाई. नाव काय द्यावं म्हणलं, अन् समोर ते खेळून राहिली होती."

"मंग मले कोनं धाडलं होतं?"

एवढं मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. शेजारची बाई वळून पाहायला लागली. बाबांनी शेंगदाणे सोलायला घेतले. दाणे माझ्या ओंजळीत टाकत गेले, स्वतः एकही खाल्ला नाही. आमची गाडी लागेपर्यंत ते सोलतच होते. आता मी ते तेव्हा होते त्याच्या दुप्पट वयाची आहे, आणि त्या प्रश्नाचं काय उत्तर देता आलं असतं हे मलाही सुचत नाही.

घरी बाबांनी आईला एवढंच सांगितलं, "चूक दुरुस्त केली. चाचा नवा करून देते." कोणाची चूक, ते ना त्यांनी सांगितलं ना आईनं विचारलं. शैला मात्र हिरमुसली. संध्याकाळी कातरणं पोत्यात भरताना ती माझ्याजवळ सरकली. "ताई, तुह्यंच नाव राहू दे ना. मले नाई पायजे. पोरी म्हणतात, शैला फाटली, शैलावर शाई सांडली, शैलाची पानं काढून होडी केली. काल मधल्या सुट्टीत एकीनं माह्यासमोर 'शैला'वर थुंकून पुसलं."

मला तिची कीव यायला हवी होती. ती जेमतेम सात वर्षांची आणि डोळ्यांत पाणी. पण माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हिला निदान चिडवतात तरी. मी तिला म्हटलं, "नाक पूस," आणि पोत्याचं तोंड बांधलं. अलीकडे फोनवर मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले तं फक्त एवढं याद हाय का बाबा तुले गाडीत न्यायचे अन् मले नाई." साठ वर्षं तिनं ते धरून ठेवलं होतं. आम्ही दोघी खूप हसलो, आणि फोन ठेवल्यावर मला वाटलं, तिचं दुःख माझ्यापेक्षा लहान होतं. म्हणजे बघा.

'शैला'चा नवा शिक्का आला, आणि चाचांच्या म्हणण्याप्रमाणे पुढं बाबांचा धंदा होता तोवर टिकला. दोन्ही मात्रा शाबूत. 'कमल'चा शिक्काही बाबांनी फेकला नाही. कापून उरलेल्या, कमी-जास्त जाडीच्या कागदाच्या ते कच्च्या वह्या करायला लागले, गणितं खरडायच्या, पाठकोऱ्या. त्यांच्यावर कमल. त्यांच्या दृष्टीनं ही त्यांनी माझी केलेली भरपाई होती. मोठ्या प्रेमानं त्यांनी पहिली वही माझ्या हातात ठेवली आणि मी, शहाणी म्हणून, हसले. कच्च्या वह्या चांगल्या वह्यांपेक्षा भराभर खपल्या.

त्या हिवाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या मागं बोरीखाली एक पोरगी बसली होती, दुसऱ्या तुकडीतली, नवीनच आलेली. तिच्या मांडीवर कमल वही होती. पुठ्ठ्यावर तिनं माझ्या नावाला मिशा काढल्या होत्या आणि त्याच्यावरच वजाबाकीही केली होती, तीही चुकलेली. मी उभी राहून पाहत होते. तिनं वर पाहिलं, पाठकोरं एक पान टर्रकन फाडलं, त्याचा द्रोण केला, चार बोरं घातली आणि माझ्यापुढं केला.

"घे," ती म्हणाली. "तुहं नाव काय?"

मी बोर तोंडात टाकलं.

"शैला," मी म्हटलं.